क्लाराचं काय झालं

"क्लारा स्टेशनात येऊन उभी राहिली," एवेलियो मास्तरांनी वाचलं, आणि चिरूट वळणारे दोनशे हात थांबले.

हवानाच्या त्या कारखान्यात मास्तर उंच खुर्चीवरून कादंबरी वाचत आणि खाली कामकरी चिरूट वळत. कादंबरी मतं घेऊन निवडलेली, प्रत माद्रिदहून आलेली, करकरीत. पानं कडेला जोडलेली, कापल्याशिवाय वाचता न येणारी. रोज सकाळी मास्तर लेओकादियाकडून तिचं तंबाखू कापायचं पातं मागून घेत आणि त्या दिवसापुरती पानं मोकळी करत. अकरा वर्षांत त्यांना स्वतःची सुरी घ्यायचं सुचलं नव्हतं. का, ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. लेओकादिया पातं पुसून देई, एवढंच.

आज तिच्या पायाशी गाठोडं होतं. चार वाजता अमेरिकेला, टॅम्पाला जाणारी बोट सुटणार होती आणि धक्क्यावर सेवेरिनो सुतार दोन तिकिटं घेऊन उभा होता. घरी विधुर भावाची चार पोरं होती. कादंबरीतली क्लाराही तशीच, आंधळ्या बापापायी अडकलेली. "क्लारा गेली आणि सुखी झाली, तर मी जाते," असं लेओकादियाने काल सकाळी तोमासाच्या कानात सांगितलं होतं. म्हणजे ते दुपारच्या आत मास्तरांपर्यंत पोचलं होतं.

"अगं, क्लाराच्या घरी मोलकरणी आहेत," तोमासा पुटपुटली. "तुझ्याकडे काय आहे? तिच्यावर कसली विसंबतेस?"

"मग कुणावर विसंबू? तुझ्यावर? तू तर नवऱ्याला विचारून शिंकतेस."

मास्तरांनी पुस्तक चेहऱ्याजवळ धरलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

गाडी आली. ज्याच्यासाठी क्लारा घर सोडून आली होती, तो आला नाही. ती रात्रभर फलाटावर बसली. सकाळी घरी परतली, तर बाप उंबऱ्यात मरून पडला होता. त्याच्या मुठीत तिची शाल होती.

"संपलं," मास्तर म्हणाले.

वाचन आवडलं की सगळे आपापलं पातं फळीवर आपटत. आज कुणाचा हात उठला नाही. मग लेओकादियाने एकटीने आपटलं, एकदाच.

चार वाजता बोटीचा भोंगा झाला. लांबलचक. तो थांबेपर्यंत तिने एक चिरूट वळून पुरा केला. पायाने गाठोडं आत सरकवलं.

"बरं केलंस, पोरी," तोमासा म्हणाली, आणि नाक पुसायला लागली.

मास्तर पुस्तक खुर्चीवरच टाकून घाईने तोंड धुवायला गेले होते. लेओकादियाला वाचता येत नव्हतं. तरी क्लाराची ती शाल कुठल्या पानावर आहे, तिथं एकदा हात फिरवावा, असं तिला वाटलं. पातं हातात तसंच धरून ती वर चढली आणि तिने पुस्तक उघडलं.

सकाळी मास्तर पातं मागायला आलेच नव्हते, हे तिला तेव्हा आठवलं. शेवटचं सगळं प्रकरण कडेला जोडलेलंच होतं.