कालवांवरचे शंख

परडीतला एकेक जिवंत शंख जयवंती दिराच्या कालवांवर ठेवत होती, तान्हं पाळण्यात ठेवावं तशी हळुवार.

खाडीतली ही कालवांची शेती दिवाळीपर्यंत तिचीच होती. नवऱ्याची राख सावडून सगळे परतले त्याच संध्याकाळी दीर म्हणाला, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नव्हे. उद्यापासून मी बघतो."

काम म्हणजे काय, ते त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं. दर ओहोटीला ती कालवांवरचे हे बोराएवढे शंख वेचून लांब खडपावर, किनाऱ्याच्या खडकांत फेकायची, तेव्हा तो हसायचा. "गोगलगायींना घाबरता होय!" आज त्याच खडपावरून तिने ते गोळा करून आणले होते.

शिमग्याच्या तोंडावर दीर टोपलीभर कालवं घेऊन तिच्या दारात आला. बोट लावताच ती उघडत होती. आत नुसता चिखल, आणि प्रत्येकाच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक.

"वहिनी, कोणी खाल्लं हो हे?"

जयवंतीने एक शिंपला उजेडात धरून भोकातून त्याच्याकडे पाहिलं.

"शंखाने. पण एक घर पोखरायला त्याला आठवडा लागतो, भावजी. तुम्ही तर राखही निवू दिली नव्हतीत."