दिपिकाचं माहेरपण

रिक्षा ओट्यापाशी थांबली तेव्हा भामा करंजा बंदरावरून आणलेली सुकट निवडत होती. आधी सहा वर्षांची एक पोर उतरली. तिच्यामागून भामाची लेक, दिपिका.

"ये गो ताई," दारात उभा असलेला हितेश म्हणाला. "किती दिवसांनी!"

दिवस कसले, नऊ वर्षं झाली होती. दिपिकानं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि तिच्या बापानं, काशिरामनं, तिला दार बंद केलं. लेक राहायची कळंबोलीला, रिक्षानं वीस मिनिटांवर. एकदा पनवेलच्या बाजारात ती अगदी समोर आली; पण काशिराम सोबत होता, म्हणून भामानं पदर ओढून तोंड फिरवलं. दोन वर्षांपूर्वी काशिराम गेला, तेव्हाही भावांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. लेकीनं बापाची तिरडी रस्त्यापलीकडून पाहिली.

आणि यंदा मे उजाडला तसा हितेश आपणहून म्हणाला, "आये, ताईला बोलवू या. पोरीला पन सुट्टी हाय."

भामानं त्याला दोनदा विचारलं, तेव्हा कुठं तिला खरं वाटलं. धाकट्या प्रणितनंही मान हलवली. पोरांना बुद्धी झाली म्हणून भामानं गावदेवीला नारळ फोडला.

मग घर नुसतं गजबजलं. मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर पडल्या, पापड झाले, भावकीत दोन लग्नं झाली. आणि समोरच्या टॉवरची सावली ओट्यावर आली की भामा, दिपिका आणि प्रणितची बायको अंकिता गोधडी घेऊन बसत. भामानं आपली आणि सासूची जुनी लुगडी धुऊन ठेवली होती. तिघी तीन बाजूंनी धावदोरा घालत आत सरकत. भामाला आता सुईचं नेढं दिसत नसे. नात, रुचिरा, दोरा ओवून द्यायची.

दिपिकाचा टाका सारखा पडे, तांदळाच्या दाण्याएवढा.

"इसरली नाय गो तू."

"हाताला ठावं असतं, आये."

हितेश रोज काही ना काही आणी. कधी खाडीतला जिताडा मासा, कधी कर्नाळ्याकडच्या रायवळ आंब्यांची पाटी. प्रणित भाचीला मोटरसायकलवरून फिरवून आणी. अंकिता मात्र अवघडलेली असे. "ताई, चहा टाकू?" असं विचारतानाही तिची नजर थोरल्या दिराकडे, हितेशकडे जाई. भामा मनात म्हणे, नवी ओळख आहे, रुळेल.

एका दुपारी अंकिता आत गेल्यावर भामानं सुई थांबवली. "तवा बाजारात," ती म्हणाली, "मी तुला बघून तोंड फिरवलं. तुझा बाप होता संगती."

"कधी? मी तर तुला बघितलंच नाय," दिपिका म्हणाली.

ती खोटं बोलली, हे दोघींनाही कळलं. दोघी बराच वेळ खाली मान घालून टाके घालत राहिल्या. भामाच्या टाक्यांची रांग तेवढी वाकडी झाली. तिनं ती उसवली नाही.

एकदा जेवताना हितेशनं विचारलं, "ताई, किती दिवस झाले गो तुला?"

"बारा," दिपिका लगेच म्हणाली.

भामा त्याच्यावर खेकसली. "ही काय पावनी हाय, दिवस मोजायला? पाऊस पडेपर्यंत मी हिला सोडनार नाय."

"नाय आये," दिपिका ताटाकडे बघत म्हणाली, "वीस दिवसच बोलले हाय मी."

सासरी तसं सांगून आली असेल, असं भामाला वाटलं. तिनं गोधडीला वेग दिला. लेक रिकाम्या हातानं जायला नको.

विसाव्या दिवशी सकाळीच हितेशनं गाडी काढली. "चल ताई, पनवेलला जाऊन येऊ." प्रणितही बरोबर निघाला. दोघं भाऊ मिळून बहिणीला साडी घेणार, असं भामानं धरलं. दिपिकानं केस नीट बांधले, बापाच्या फोटोपुढं क्षणभर उभी राहिली आणि गेली.

दुपारी गाडी परत आली. भाऊ आत गेले. दिपिका ओट्यावर आईशेजारी येऊन बसली. हातात पिशवी नव्हती. उरलेल्या कोपऱ्यावर टाका घालायला तिनं सुई उचलली, आणि भामाला तिचा अंगठा दिसला. निळ्या शाईनं माखलेला.

भामाला अक्षर येत नव्हतं. पण काशिराम गेल्यावर जमिनीच्या कागदांवर तिनंही असेच अंगठे उठवले होते.

"जमिनीचा कागुद?" तिनं विचारलं.

"बाबाच्या पळस्प्याच्या जमिनीचा," दिपिका म्हणाली. "माझा हिस्सा सोडला, असं लिवून दिलं."

भामा उठून उभी राहिली.  आंबे, जिताडे, दारातलं ते "ये गो ताई", सगळ्याचा तिला एकदम उलगडा झाला.

"हितेश!" ती आतल्या बाजूला तोंड करून ओरडली. "माया दावून बहिनीचा गला कापलास रं! यासाठी बोलावलीस तिला?"

 दिपिकानं तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"ओरडू नको, आये. त्यानं मना फसवलं नाय."

"मंग काय केलं?"

दिपिकानं दाराकडे पाहिलं. रुचिरा जवळपास नाही, याची खात्री केली.

"हितेश एप्रिलातच कागुद घेऊन आमच्या घरी आलेला," ती हळू आवाजात म्हणाली. "तवाच सही मागत होता. मीच बोलले, सही देते, पन आधी मना वीस दिवस माहेराला न्या. नि आयेला वाटलं पायजे, तुमीच बोलवली म्हनून."