मोठे खिसे

डायव्हिंग शिकायला आलेल्या पुरितामावशींपुढे दुकानदार नेस्टरने पाण्यात अंगावर चढवायच्या, हवा भरायच्या साजाचे दोन प्रकार ठेवले. एकात हवा फक्त पाठीमागे भरते, छाती मोकळी राहते, हल्ली पोरंपोरी तेच मागतात. दुसरं जुन्या वळणाचं जाकीट, जरा बोजड.

"खिसे कशाचे मोठे?" मावशींनी विचारलं.

"जाकिटाचे. त्या दुसऱ्याला खिसे नाहीतच म्हणा ना."

"मग जाकीटच दे."

"मावशी, शिंपले ढापायचा बेत दिसतोय," नेस्टर म्हणाला. दुकानातले सगळे हसले. मावशीही हसल्या.

नाकातोंडात पाणी गेलं, कान दुखले, पण त्या शिकल्या. पहिल्या खऱ्या बुडीसाठी दिवसही त्यांनीच निवडला, मृतांच्या सणाचा. सारं गाव मेणबत्त्या आणि गोड भाताचं सुमान घेऊन कबरस्तानाकडे निघालं होतं.

"तुम्ही नाही गेलात?" बोट मावशींनी सांगितलेल्या जागी थांबवत नेस्टरने विचारलं.

"तिकडेच तर चाललेय."

दोघं उतरले तिथे तळाशी वादळात बुडालेली एक मासेमारीची होडी होती. मावशींच्या लेकाने रंगवलेलं नाव तिच्यावर अजून वाचता येत होतं, 'पुरिता'. त्याचा देह कुणालाच सापडला नव्हता. मावशींनी एका खिशातून केळीच्या पानात बांधलेलं सुमान काढून होडीत ठेवलं. दुसऱ्या खिशातली मेणबत्ती फळीच्या फटीत खोवली आणि हात जोडले.

 

नेस्टरने आपला टॉर्च त्या मेणबत्तीच्या वातीवर धरला आणि हवा संपत येईपर्यंत हलवला नाही.