शोभेचं बटण

थेटरावाने 'रद्द करा' हे बटण तिसऱ्यांदा दाबलं, आणि साहेबांच्या केबिनमधून "काय?" अशी आरोळी आली.

दाबण्यात काही कमी पडलं नव्हतं. राजीनाम्याचा अर्ज त्याच्या स्क्रीनवरून आज्ञाधारकपणे नाहीसा झाला होता. मजकूर मात्र साहेबांच्या स्क्रीनवर जाऊन बसला होता. ऑफिसातल्या रजा, बदल्या आणि राजीनामे यांची वेबसाइट थेटरावानेच बांधलेली. ती नीट चालते का हे पाहायला त्याने एक खोटा राजीनामा भरला होता. दुसऱ्याच्या नावाने राजीनामा लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून स्वतःच्याच. 'कारण' या रकान्यात काहीतरी हवं, म्हणून लिहिलं : 'साहेबांना माउस आणि चष्म्याचं घर यांतला फरक कळत नाही.' आणि मग सवयीने रद्द केलं.

त्याचं खरं नाव लोक विसरले होते. "थेट! मध्ये दलाल नको," हे त्याचं पालुपद. स्क्रीनवरचा रकाना त्याने सरळ ऑफिसच्या कायमच्या नोंदीलाच जोडला होता. रकान्यात अक्षर उमटलं की त्याच क्षणी नोंदीत. 'जतन करा' आणि 'रद्द करा' ही बटणं लावली होती, ती लोकांना सवय असते म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी त्याने सगळ्या ऑफिसला छाती फुगवून सांगितलं होतं, "ती शोभेची आहेत. लिहा, खिडकी बंद करा, घरी जा." लोक शिकले. साहेब तर सगळ्यात आधी शिकले.

एकट्या चाचणीबाई शिकल्या नाहीत. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं ही त्यांची नोकरी होती आणि हौसही. "अरे, माणूस लिहितो, खोडतो, विचार बदलतो," असं त्या तीन महिने सांगत होत्या. "रकान्यातलं कच्चं वेगळं ठेव, नोंदीतलं पक्कं वेगळं. पोटातलं लगेच ओठावर, हा तुझा स्वभाव झाला. तो वेबसाइटला कशाला लावतोस?" त्यांच्या वहीत या कामापुढे तीन महिने फुली होती.

स्वभावाचं त्या खोटं सांगत नव्हत्या. आधीच्या दोन नोकऱ्या थेटरावाने जिभेने घालवल्या होत्या. ही तिसरी बोटांनी चालली होती. घरी सासरेबुवा रोज संध्याकाळी दार उघडताना विचारत, "आहे ना अजून?" ते तब्येतीबद्दल विचारत नसत.

त्याने अर्ज पुन्हा उघडला. तळाशी साहेबांचे रकाने होते आणि ते डोळ्यांदेखत भरत होते, कारण पलीकडे साहेब टाइप करत होते. 'निर्णय : मंजूर.' शेऱ्यात एकेक अक्षर उमटलं : 'गाढव कुठला.' मग ते शेवटाकडून एकेक करून पुसलं गेलं. त्या जागी आलं : 'आपल्या मोलाच्या सेवेबद्दल आभार.'

मंजूर नोंदी पाच वाजता आपोआप मुख्य कार्यालयात जात, आणि तिथे गेलेलं काही परत येत नसे. निर्णय बदलायचा तर तो फक्त साहेबांच्या स्क्रीनवरून. हा कडेकोट बंदोबस्तही थेटरावाचाच.

चार वाजले होते. तो केबिनमध्ये घुसला. "साहेब, मी ते रद्द केलं होतं!"

"रद्द केलंस, तर माझ्याकडे आलं कसं?"

"चूक माझी आहे. रकाना आणि नोंद मी एकच ठेवली. त्यामुळे लिहिलेलं लिहिता लिहिता पोचतं. तुमचं गाढवसुद्धा पोचलं."

साहेबांनी उठून केबिनचं दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे त्या आवक-जावकच्या काकूंच्या रजेवर मी 'यांच्या सासवा आहेत तरी किती' असं लिहून खोडलं होतं, ते..."

"काकूंनी अर्ज उघडा ठेवला असेल तर वाचलं असणार."

काकू महिनाभर आपल्याला पाहून भिंतीकडे का वळतात, याचा साहेबांना उलगडा झाला. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर. पाचच्या आत झालं, तर तुझा राजीनामा नामंजूर. शब्द देतो."

तीन महिने अडलेलं काम पन्नास मिनिटांत झालं. चाचणीबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एकेक ओळ तपासत राहिल्या. रकाना वेगळा झाला, नोंद वेगळी झाली. आता रकान्यात काहीही लिहा, काहीही निवडा. 'जतन करा' दाबल्याशिवाय नोंदीला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

"झालं, साहेब!" थेटराव ओरडला.

काचेपलीकडे साहेब स्क्रीनवर वाकलेले दिसले. मग ते बॅग उचलून बाहेर आले. चेहऱ्यावर दिलेला शब्द पाळल्याचं समाधान होतं. "केलं रे बाबा नामंजूर," असं म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले.

थेटरावाचा जीव भांड्यात पडला. आज सासरेबुवांनी विचारायच्या आधीच आपण सांगायचं, असं त्याने ठरवलं.

लिफ्टचं दार मिटता मिटता साहेब कौतुकाने म्हणाले, "तू शिकवलंस तस्सं हं! निवडलं, खिडकी बंद केली, निघालो."

थेटराव जिन्याकडे धावला. अर्ध्यातून परत आला. नोंद उघडली. पाच वाजले.

मुख्य कार्यालयाचं पत्र तत्परतेने आलं : आपला राजीनामा मंजूर झाला आहे; आपल्या मोलाच्या सेवेबद्दल आभार.

चाचणीबाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, वही उघडली आणि तीन महिन्यांच्या फुलीवर पहिल्यांदा 'बरोबर'ची खूण केली.