सरळ बैठक

"ही बघ रेघ." बाईंनी फोटोवर पट्टी ठेवली. "हनुवटी, शर्टाची गुंडी, खोगिराचा मध्य. ही रेघ फोटोच्या कडेला समांतर हवी. तुझी कुठे चाललीय?"

भाची फोटोवर वाकली. लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा संघ बाईच निवडत. जागा एकच उरली होती आणि त्या जागेसाठी पोरगी दोन वर्षं राबली होती.

"मार्चमध्ये ठीक होतीस. एप्रिलमध्ये जराशी कललीस. आता तर घोड्यालाही सोबत ओढतेयस. एकशेवीस किलोमीटर असं वजन टाकलंस तर त्याची पाठ कामातून जाईल."

"मावशी, मला खरंच सरळ बसल्यासारखं वाटतं गं."

"सगळ्यांना तसंच वाटतं. यंदा तर तुम्हा सगळ्याजणींना एकच रोग लागलाय."

खिडकीपाशी काका कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. प्रत्येक शर्यतीचे फोटो तेच काढत आणि बायकोच्या हुकमाप्रमाणे आजूबाजूचं सगळं कापून फक्त स्वार तेवढा ठेवत.

"मला तर पोरगी सरळच दिसली," ते म्हणाले.

"तुम्ही तिची बाजू घेणारच."

बाईंनी यादीतल्या तिच्या नावावर काट मारली. भाचीनं हेल्मेट उचललं. रडली नाही. दारात मात्र थबकली.

"न कापलेले फोटो पाठवशील? माझं नेमकं कुठे चुकतं ते मला बघायचंय."

एवढं तरी द्यायलाच हवं होतं. ती गेल्यावर बाईंनी संगणकावर मूळ फोटो उघडले. मार्चच्या फोटोत घोड्यामागे पाण्याचा हौद होता. पुढच्या दोन्ही फोटोंत तोच थांबा, तोच हौद. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. पट्टी पडद्याला टेकवली, काढली, पुन्हा टेकवली.

मार्चमध्ये हौदातलं पाणी सपाट होतं. एप्रिलमध्ये जरासं तिरपं. या महिन्यात पोरीइतकंच तिरपं.

हौदातलं पाणी कधी कलत नसतं. बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग वळून म्हणाल्या, "अहो, जरा इकडे येता? डोळे मिटून सरळ उभे राहा बघू."

"आता माझीही परीक्षा का?" काका हसत उठले. पाय जुळवले, डोळे मिटले.

आणि हळूहळू एका बाजूला कलत गेले.