ज्याच्या दारातून आधी

सत्त्याहत्तर साली गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी करार झाला, तेव्हा वाशीतल्या एका सोसायटीच्या सभेत सगळ्यात जास्त नंदकुमार तापला. टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला, “नदी आधी ज्याच्या दारातून जाते, पाणी आधी त्याचं! उरलं तर पुढच्याला. करार कसले करता?” तळमजल्यावरच्या दमयंतीबाईंनी तर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीत अंगभर साबण चोपडून उभा होता, आणि नळाने फुस्स करून मान टाकली. बादलीत तांब्याभरही पाणी नव्हतं. दहाला मुंबईत बढतीची मुलाखत, पावणेआठची बस, आणि साबण तर अंगावर वाळून ताणायला लागलेला.

त्याची बायको अरुणा गॅलरीतून ओरडली, “दमयंतीबाई, तुमचा नळ जरा बंद करा ना! आमचे हे साबण लावून अडकलेत!”

“वयनी, माजी अजून दोन पिंपं भरायची हायेत,” खालून शांतपणे उत्तर आलं. “पाइप आदी आमच्याच दारातून जातो. उरलं तर येल वर. भाऊच बोलले ना काल?”

अरुणा आत आली. न्हाणीचं दार बोटभर उघडलं. आत डोळे घट्ट मिटून नंदकुमार उभा होता.



“अगं,” तो हळूच म्हणाला, “त्यांना विचार ना, करार करतात का?”