मासा छान झालाय

टेस ऑस्ट्रेलियाहून आमच्या सामोआतल्या शाळेत विनामोबदला शिकवायला आली, तेव्हापासून माझ्याच घरी राहते. नाताळात तिची आई भेटायला आली. आमच्यात पाहुण्यानं एखादी गोष्ट नावाजली, की ती त्याला द्यावीच लागते. नाही दिली तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

या बाईंनी चटई नावाजली, मी ती गुंडाळून दिली. विणलेला पंखा नावाजला, तोही दिला. दोघींच्या मध्ये बसून टेस सगळं भाषांतर करून सांगत होती.

"आता आपल्या डुकराकडे बघू देऊ नकोस त्यांना," माझा नवरा सेफो हळूच म्हणाला.

मला हसू येईना. डुकराची भीती नव्हतीच मला.

जेवताना बाईंनी टेसच्या रापलेल्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. माझा घास हातातच राहिला. मी टेसकडे वळले.

"काय म्हणतेय गं आई?"

"मासा छान झालाय, म्हणतेय." टेसनं मान वर केली नाही.

माशाबद्दल बोलताना कुणी लेकीच्या गालावरून हात फिरवत नाही. तरी मी मुकाट्यानं उठले आणि उरलेला सगळा मासा बाईंना बांधून दिला.